युरियाचं पाणी उकळून चालत नाही, तो मेसेज चुकीचा आहे

भावांनो, रावेर-यावलकडच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय की विहिरीत किंवा नाल्यात खताचं पाणी उतरलं तरी चिंता नको, दहा मिनिटं उकळा, सगळा दोष जातो. कृपया पुढे पाठवू नका, घरात तान्हं लेकरू असेल तर अजिबातच नाही.

उकळल्याने जंतू मरतात, पण युरियासारख्या खतातून पाण्यात उतरणारा नायट्रेट नावाचा क्षार जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण अजून वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्याच्या वर गेलं की सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते, अंग निळं पडू शकतं. पाणी लॅबमधून तपासून घ्या, डोळ्याला नायट्रेट दिसत नाही ना वास येतो.

आता हे येतं कुठून, तर युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नायट्रोजन असतो, केळीला एकदम टाकला आणि वरून मोकळं पाणी सोडलं की मुळाला लागतो थोडा, बाकीच्यातला बराच खाली विहिरीत नाहीतर नाल्यातून तापीत. परवा सकाळी आमच्या नाल्यावर हिरवी साय आलेली, खताने शेवाळ असं माजलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतो, मासे वर तोंड काढून श्वास घेत होते, बघवत नव्हतं. ठिबकमधून थोडा थोडा द्या, पाऊस दिसत असेल त्या दिवशी टाकूच नका, आणि नाल्याच्या कडेचं गवत तणनाशक मारून जाळू नका, वाहून येणारी माती आणि खत तेच अडवतं.