'मित्र' या शब्दाच्या आडोशाने

गेल्या सप्टेंबरात पुण्यात असताना आईला घेऊन 'साबर बोंडं', म्हणजे निवडुंगाची फळे, या नावाचा चित्रपट पाहायला गेलो. रोहन कानवडे यांचा हा मराठी चित्रपट १९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन पितृपक्षात, प्रदर्शित झाला. त्याची सारी कथा वडिलांच्या निधनानंतरच्या दहा दिवसांच्या सुतकात घडते, त्यामुळे कोणी मुद्दाम मुहूर्त काढला असता तरी याहून चपखल सापडला नसता. मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातलाच त्याचा जुना सवंगडी बाळ्या यांच्यातले प्रेम तिथे नातेवाइकांच्या गर्दीत आणि 'आता लग्नाचं बघा' या घोषात हळूहळू आकार घेते. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला होता. माझी आई मंगळवेढ्याकडची. अंधारात ती माझ्याकडे झुकून एवढेच म्हणाली, "बोंडाची कुसळं नीट काढली नाहीत, तर चार दिवस जिभेत सलतात."

त्या रात्री मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चित्रपटाविषयी दोन ओळी टाकल्या. त्यावर चुलतभावाचे उत्तर आले : 'आपल्या गावाकडे असलं काही नसतं. बाहेरची बक्षिसं मिळवायला हे विषय घेतात. तुमच्या तिकडे चालत असेल.' हे 'तुमच्या तिकडे' मी बावीस वर्षे ऐकत आलो आहे. गोमांसापासून घटस्फोटापर्यंत जे काही इथे नको असते, त्याचा पत्ता म्हणून माझे लीड्सचे घर दिले जाते.

खरे तर मी २००३च्या सप्टेंबरात इंग्लंडला पोहोचलो, तेव्हा 'तिकडे' हे चालत नव्हते. १९८८ साली तिथल्या संसदेने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात अठ्ठाविसावे कलम घातले होते. नगरपालिकांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करू नये आणि शाळांतून असे संबंध म्हणजे कुटुंबाचे एक स्वीकारार्ह रूप आहे असे शिकवले जाऊ नये, असे ते कलम सांगत होते. कायद्यातला मूळ शब्दप्रयोग तर कुटुंबाचे सोंग आणणारे नाते अशा अर्थाचा होता. त्या वादळामागे जी कारणे होती, त्यांत मुलांसाठीचे एक साधे पुस्तक होते : वडील आणि त्यांचा जोडीदार यांच्यासोबत राहणाऱ्या एका लहान मुलीच्या शनिवार-रविवारची, कृष्णधवल छायाचित्रांतून सांगितलेली गोष्ट. मूळ डॅनिश असलेल्या या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १९८३ची, आणि तिच्यात वाढदिवस, कपडे धुणे आणि किरकोळ भांडण यापलीकडे फारसे काही घडत नाही. या कलमाखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही, पण तशी गरजही पडली नाही, कारण शिक्षक आणि ग्रंथपाल आपणहून गप्प झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते कलम रद्द झाले तो महिना होता नोव्हेंबर २००३. माझे सामान तेव्हा अजून पुरते उघडलेले नव्हते.

त्यामुळे 'इकडे सगळे पुढारलेले' असे मानणाऱ्या माझ्यासारख्या परदेशस्थांचेही मला हसू येते. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळांबाहेर अशाच गोष्टींच्या पुस्तकांवरून पालकांनी निदर्शने केली, आणि त्यांतले बरेचसे पालक आपल्यासारख्याच दक्षिण आशियाई मुळांचे होते. त्या आठवड्यात आमच्या मराठी मित्रमंडळींच्या गप्पांत या पालकांवर धार्मिक कट्टरतेची टीका पुष्कळ झाली. मग चहा आला आणि आवाज उतरला, तेव्हा 'पण पाच वर्षांच्या मुलांना कशाला हे?' असेही दोघा-तिघांनी विचारले, आणि मी काहीच बोललो नाही.

आता मराठीकडे पाहू. ब्रिटनने ते कलम आणले त्याच्या सात वर्षे आधी, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आले होते. त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा उभी केली होती, तेव्हा हा विषय बाहेरून आयात झाला असे म्हणणाऱ्याने निदान तारखा तरी जुळवून पाहाव्यात. माझे मन मात्र त्या शीर्षकावर अडते. सुमित्रेला सगळे मित्रा म्हणतात, म्हणून ही गोष्ट मित्राची. पण ऐकणाऱ्याला ती कुणा एका मित्राचीही वाटू शकते. शिवाय ती सांगतो बापू, म्हणजे तिच्यावर जीव असलेला एक भला, गोंधळलेला पुरुष. तिचे प्रेम आपल्यापर्यंत त्याच्या डोळ्यांतून, दुरून पोहोचते आणि शेवटी तिच्या वाट्याला मरण येते. पुढे २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली आणि पुण्यातल्या एका घरातला तनय पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. एकाच भाडेकरूवर जीव जडलेल्या भावाबहिणीची ही कादंबरी आधी भाऊ सांगतो आणि मग बहीण. मध्ये बापू नाही. या दोन कृतींमधली पंचवीस वर्षे मला मराठी साहित्याच्या इतिहासातला फार मोठा प्रवास वाटतो, आणि त्यात परदेशाचा हात मला तरी दिसत नाही.

पण शीर्षकातला तो आडोसा आपल्या बोलण्यातून गेलेला नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. २०२२च्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली होती. माझा एक सहकारी त्याच्या नवऱ्यासह पहिल्यांदाच जेवायला आला. इंग्रजीत मी सगळ्यांना सहज सांगितले की हा त्याचा नवरा. आईने स्वयंपाकघरात, पुऱ्या तळता तळता, "हे दुसरे कोण?" असे विचारले, आणि मी म्हणालो, "त्याचे मित्र आहेत." ज्या माणसांचे लग्न कायद्याने लागलेले होते, त्यांचे नाते मी माझ्या भाषेत आणताना सोंग करून टाकले होते. अठ्ठाविसाव्या कलमाला याहून वेगळे काय हवे होते?

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७च्या जाचातून प्रौढांचे संमतीचे संबंध मुक्त केले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाची मान्यता मात्र दिली नाही. कायद्यात अशा जोडप्याला नाते नाही, म्हणून नात्याला शब्द नाही, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण मावशीच्या जावेच्या भावालाही नाव देणारी ही भाषा शब्दांसाठी कधी न्यायालयाकडे गेलेली नाही. कथा-कादंबऱ्यांत आणि मालिकांत 'हा माझा नवरा' हे वाक्य एक पुरुष एका पुरुषाविषयी किराणावाल्यासमोर, डाळीचा भाव विचारता विचारता म्हणेल, तेव्हा ते माझ्याही तोंडून अडखळणार नाही. त्यासाठी बंडाची, न्यायालयाची किंवा आत्महत्येची कथा नको. सिलिंडर संपला म्हणून भांडणारी दोन माणसे पुरेत. 'साबर बोंडं'मध्ये मला आवडले ते हेच की प्रेम करणारे दोघे तिथे सुतकातल्या कामांना आणि पाहुण्यांना जागा देत देत वावरतात, आणि आनंदच्या आईला मुलाचे सारे ठाऊक असते.

चुलतभावाला मी विचारले की चित्रपट पाहिलास का. 'वेळ कुठे आहे?' असे उत्तर आले.

चित्रपटानंतर रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. लक्ष्मी रस्त्याच्या कोंडीत अडकलो असताना तिने एकदम विचारले, "तुझ्याकडे जेवायला आलेले ते दोघे, तसेच ना?" मी हो म्हणालो. ती चिडलीच. "मग तेव्हा सांगायला काय झालं होतं? पहिल्यांदा जोडीनं घरी आले आणि आपण त्यांना नुसतं जेवू घालून रिकाम्या हातांनी पाठवलं."