सातव्या फ्रेटवरचा कॅपो

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पक्या आला तोच विषय घेऊन. आदल्या रात्री कुठेतरी ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. बसायच्या आधीच म्हणाला, "शेवटची दोन मिनिटं गिटारवर काय वाजवलंय जो वॉल्शने! आणि गाण्यावर नावं कोणाची? फेल्डर, हेन्ली, फ्राय. वॉल्श कुठेच नाही. हा अन्याय आहे."

नंदू म्हणाला, "वाजवलंय त्याने, तेही अर्धं. रचलंय डॉन फेल्डरने."

झालं, जुंपली.

नंदूला ईगल्सचा सगळा इतिहास पाठ आहे. फेल्डर 1974 मध्ये बँडमध्ये आला. 1975 संपता संपता बर्नी लेडन बाहेर पडला आणि त्याच्या जागी वॉल्श आला. त्याच सुमाराला मालिबूला समुद्राकाठच्या भाड्याच्या घरात फेल्डरने चार ट्रॅकच्या यंत्रावर एक तुकडा रेकॉर्ड केला. बारा तारांची गिटार, खाली ठेका, आणि शेवटी आलटून पालटून बोलणाऱ्या दोन गिटार. एक स्वतःसाठी, दुसरी वॉल्शचा हात डोळ्यांसमोर ठेवून. बँडमधले त्या तुकड्याला 'मेक्सिकन रेगे' म्हणायचे. त्याला धड नावही नव्हतं.

"मग मायामीचं सांग ना," मी म्हटलं. तो किस्सा मला फार आवडतो.

1976 साली मायामीच्या स्टुडिओत फेल्डर आणि वॉल्श शेवटच्या भागाला बसले आणि सुचेल ते वाजवायला लागले. गाणं गाणाऱ्या डॉन हेन्लीने थांबवलं. असं नाही, मालिबूच्या त्या तुकड्याच्या कॅसेटवर आहे तसंच हवं. आता कॅसेट राहिली कॅलिफोर्नियात, घरी. फेल्डरने घर सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावला, कॅसेट शोधायला लावली, टेपरेकॉर्डरवर चढवून रिसीव्हर स्पीकरपाशी धरायला सांगितला. इकडे मायामीत फोनमधून येणारा आवाज रेकॉर्ड केला आणि मग या माणसाने स्वतःच सहज वाजवून ठेवलेल्या ताना सूर न् सूर पुन्हा बसवल्या. जगभरची पोरं आज जे घोटतात, ते सगळ्यात आधी असं घोटलं ते खुद्द फेल्डरने.

विन्या वकील आहे, त्याला हे पटेना. "साक्षीदार कोण? फेल्डरच ना? त्याला बँडमधून काढलं 2001 साली, कोर्टकज्जे झाले, 2007 मध्ये तडजोड झाली. भांडण झालेल्या माणसाची आठवण स्वतःच्या बाजूनेच झुकणार."

मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण मी त्याला म्हटलं, समोरच्या पक्षाचं ऐक. फेल्डरने दिलेल्या कॅसेटवरचा तो तुकडा ऐकून आपण थांबलो, हे हेन्लीने स्वतः सांगितलंय. ज्याच्याशी पुढे कोर्टात उभं राहायची वेळ आली तोच माणूस मूळ तुकडा फेल्डरचा असल्याचं मान्य करतो, याहून भक्कम साक्ष कुठली आणायची? शिवाय गाण्यावरच्या तीन नावांत फेल्डरचं नाव पहिलं आहे.

दुसरा पुरावा माझ्या पाठीवरच होता. क्लासवरून थेट आलो होतो, गिटार काढली आणि दांडीवरच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे सातव्या पट्टीवर, कॅपो लावला; सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. रेकॉर्डवरचं गाणं बी मायनरमध्ये आहे. फेल्डरचा मूळ तुकडा ई मायनरमध्ये होता, हेन्लीच्या गळ्याला बसेना म्हणून सूर बदलला. पण सातव्या फ्रेटवर कॅपो लावला की कानाला बी मायनर येतं आणि बोटं मात्र ई मायनरच धरतात. फेल्डरनेही रेकॉर्डिंगला तसंच केलं. म्हणजे हे गाणं या पद्धतीने वाजवणाऱ्या प्रत्येकाची बोटं आजही मालिबूच्या त्या खोलीतलेच आकार धरतात. विन्याने बोटं नीट बघितली. हो म्हणाला नाही, पण गप्प बसला.

मध्येच कोणीतरी जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचं काढलं. 1969 च्या त्यांच्या 'वुई यूज्ड टू नो'चे कॉर्ड असेच चालतात आणि 1972 मध्ये ईगल्स त्यांच्याबरोबर दौऱ्यावर होते, हे खरं आहे. पण फेल्डर तेव्हा बँडमध्ये नव्हताच, आणि जेथ्रो टलचा गायक इयन अँडरसन स्वतःच ही चोरी मानत नाही. तो विषय तिथेच मिटला.

काका इतका वेळ ऐकत होते. तरुणपणी त्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलंय. म्हणाले, "बंदिश एकाची, गायकी दुसऱ्याची, यात भांडण कसलं? पण बंदिशीत सदारंग आपल्या नावाची मुद्रा घालून ठेवायचे. गिटारच्या तानेत नाव कुठे घालणार?" मग गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांबद्दल बोलले. शंकर-जयकिशनच्या किती गाण्यांत व्हायोलिनचे ताफे त्यांनी लिहिले, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं फक्त संगीतकारांचं. काकांचा आवाज जड झाला होता. आमच्यातलं कोणी मध्ये बोललं नाही.

पक्या तरीही हटला नाही. "काका, गायकीवरच बोलतोय मी. सूर फेल्डरचे, मान्य. पण वॉल्श तार ओढतो ना, ती वर जाताना किंचित रेंगाळते आणि मगच सुरावर बसते, ती कॅसेटवर कुठून असणार?"

हे मला पटलं. वॉल्शचा हात डोळ्यांसमोर ठेवून फेल्डरने जे लिहिलं, ते वॉल्शकडे गेल्यावर वॉल्शचंही झालं. तरी कोणी मला त्या दोन मिनिटांवर एकच नाव लिहायला सांगितलं, तर मी फेल्डरचं लिहीन. आणि त्याखाली वॉल्शचं नाव वादक म्हणून ठळक छापीन. 2001 नंतर दोन दशकांहून जास्त काळ स्ट्यूअर्ट स्मिथने मंचावर फेल्डरची जागा सांभाळली, पण बँडच्या सदस्यांत त्याची गणती कधीच झाली नाही. त्याचंही नाव मला तिथे हवंय.

"आणि अगदी शेवटचं, दोघं मिळून वाजवतात ते?" पक्याने विचारलं. मी वरची ओळ वाजवायला घेतली. एकट्या गिटारवर ती अर्धीच वाटते. नंदू खालची ओळ गुणगुणायला लागला, दुसऱ्याच आवर्तनात चुकला, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.