सी-वू-तांग: पाळीवरच्या ‘रामबाण’ चिनी काढ्याचा मेसेज तपासताना

‘चिनी बायकांचं हजार वर्षांचं गुपित’ म्हणून एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सी-वू-तांग या काढ्याच्या चार मुळ्यांची पूड प्रत्येकी एक चमचा दुधात उकळून रोज दोन वेळा घ्या, पाळी चालू असतानाही थांबू नका. पोटदुखी, अनियमित पाळी, अति रक्तस्राव, पीसीओडी (बीजकोशाचा विकार), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आणि रक्तक्षय तीन महिन्यांत जातात. संशोधनाने सिद्ध झालंय, आणि वनस्पती असल्यामुळे अपाय शून्य.

काढा खरा आहे, चीन-तैवानात आजही घराघरांत उकळतो. बाकीचा मेसेज तिथल्या पारंपरिक वैद्यालासुद्धा पटणार नाही.

‘हजार वर्षं बायकांसाठीच’

वय साधारण बरोबर आहे. पण याची सर्वांत जुनी नोंद तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक), मुका मार आणि मोडलेल्या हाडांवरच्या उपचारग्रंथात सापडते. स्त्रीरोगांसाठी तो रुळला तो पुढे सोंग राजवटीत (दहावं ते तेरावं शतक), सरकारी औषधालयाच्या सूत्रसंग्रहातून.

‘प्रत्येकी एक चमचा, दुधात’

सोंगकालीन कृतीत चारही घटक समभाग होते, हे खरं. आज मात्र एका दिवसाचं ढोबळ प्रमाण असं असतं: शू-दी-हुआंग (वाफवून काळं केलेलं रेहमानियाचं मूळ) १२ ग्रॅम, डाँग क्वाय (चिनी अँजेलिकाचं मूळ) ९ ग्रॅम, पांढऱ्या पिओनीचं मूळ ९ ग्रॅम आणि चुआन-शिओंग (लिगुस्टिकम या वनस्पतीचं मूळ) ६ ग्रॅम. परंपरेच्या मते पहिलं आणि तिसरं रक्ताचं भरण करणारं, दुसरं भरणही करणारं आणि रक्त हलवणारंही, चौथं तर मुख्यतः हलवणारं. म्हणून ते सर्वांत कमी. वैद्य रुग्ण बघून हेच आकडे वरखाली करतो. चमच्याने मोजलं की हा तोलच जातो, कारण रेहमानिया जड आणि चिकट, त्याची धड पूडही होत नाही.

तुकडे मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात अर्धा तास भिजवतात. पाणी तुकड्यांच्या दोन बोटं वर. एक उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं. गाळून तेच तुकडे कमी पाण्यात पुन्हा उकळायचे, दोन्ही अर्क एकत्र करून दिवसात दोनदा कोमट घ्यायचे. झाकण महत्त्वाचं: डाँग क्वाय आणि चुआन-शिओंग यांच्यातलं सुगंधी तेल उघड्या भांड्यातून वाफेबरोबर निघून जातं. दूध कुठून आलं, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मालाचंही बघावं लागतं. चांगल्या डाँग क्वायचा काप पिवळसर आणि उग्र सुगंधी असतो. फटफटीत पांढरा आणि आंबूस वासाचा असेल तर गंधकाची धुरी दिल्याचा संशय घ्यावा. ‘मिळालं नाही तर हिमालयातला चोरा चालेल’ हाही सल्ला दिसतो. दोन्ही एकाच कुळातल्या, पण वेगळ्या वनस्पती आहेत, चालणार नाही.

‘अति रक्तस्रावही थांबतो’

मेसेजमधलं सर्वांत धोकादायक वाक्य हेच. डाँग क्वाय आणि चुआन-शिओंग परंपरेच्या भाषेत रक्ताला ‘चालना देतात’. धो-धो जात असताना ते देणं म्हणजे उतारावर गाडीला धक्का. म्हणूनच तैवानमध्ये साधारण रिवाज पाळी संपल्यावर काही दिवस काढा घ्यायचा आहे. रक्तस्रावासाठी या चौघांत गाढवाच्या कातड्याचं जिलेटिन, मगवर्टची (दवण्यासारखी एक वनस्पती) पानं आणि ज्येष्ठमध घातलेलं वेगळं सूत्र आहे. उलट पाळीत रक्ताच्या गुठळ्या पडून दुखत असेल तर पीचच्या बिया आणि करडईची फुलं घालतात, म्हणजे रक्त आणखी हलवतात. एकाच पायावरची ही दोन विरुद्ध टोकं. ‘सगळ्या तक्रारींवर एकच’ हा दावा इथेच कोसळतो.

तासाला एक पॅड भिजत असेल, किंवा चक्कर येत असेल, तर काढा नको, दवाखाना गाठा.

‘फायब्रॉइड आणि पीसीओडी जातात’

चिनी वैद्यकात फायब्रॉइडसाठी वापरतात ते क्वे-ची-फू-लिंग: दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, फू-लिंग बुरशी, मूतान पिओनीची साल, पिओनीचं मूळ, पीचच्या बिया. मेसेजने दोन सूत्रांची खिचडी केली आहे. पीसीओडीत पाळी लांबते ती बहुधा बीज सुटत नाही म्हणून. महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्याची तपासणी लागते.

‘रक्तक्षय भरून येतो’

चिनी निदानातली ‘रक्ताची उणीव’ म्हणजे फिकट चेहरा, कोरडी त्वचा, भोवळ, अल्प पाळी असा लक्षणसमूह. हिमोग्लोबिनचा आकडा ही वेगळी गोष्ट. गरोदर नसलेल्या स्त्रीत तो १२च्या खाली गेला तर रक्तक्षय धरतात. लोह कमी असेल तर लोहच लागतं, आणि ते कुठून जातंय हेही शोधावं लागतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असताना हा गोंधळ महाग पडतो.

‘संशोधनाने सिद्ध’

पाळीच्या दुखण्यावरच्या चिनी वनौषधींचा २००८चा कॉक्रेन (अनेक चाचण्या एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा ३९ चाचण्या आणि ३,४७५ स्त्रियांचा होता. निष्कर्ष: आशादायक, पण चाचण्यांचा दर्जा खराब. शिवाय त्यात सूत्रं अनेक होती, हे एकटं नव्हतं. डाँग क्वाय एकटंच देऊन १९९७ साली अमेरिकेत ७१ स्त्रियांवर २४ आठवडे चाचणी झाली, रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी. औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

‘अपाय शून्य’

रेहमानिया पचायला जड. पोट फुगतं, शौचाला पातळ होते, भूक मरते. तसं झालं तर काढा तसाच रेटू नये. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीने डाँग क्वाय सुरू केल्यावर तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वाढला की रक्तस्रावाचा धोका) ४.९वर गेल्याची नोंद १९९९ साली झाली. ते बंद केल्यावर चार आठवड्यांनी तो पूर्ववत झाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा काढा घेऊच नये, शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना सांगून आधीच बंद करावा. पाळी चुकली म्हणून ‘आणण्यासाठी’ घेण्याआधी गर्भधारणेची चाचणी करावी, ती औषधाच्या दुकानात मिळते आणि पाच मिनिटांत होते.