पाणाड्याची काटकी आणि जादूगाराची नजर

नमस्कार दादा,

चमत्काराचे दावे तपासणारा जादूगार जेम्स रँडी, त्याच्यावरच्या माझ्या लेखाने तुम्ही दुखावलात. तुम्ही विचारता, जन्मभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या जादूगाराने काटकीने जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या आमच्या पाणाड्याला खोटं का ठरवावं? आजोबांची राजापूरची विहीर पाणाड्यानेच दाखवली, ती आजवर आटलेली नाही.

आधी जादूगाराचं. दगड-पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला समोरची वस्तू लबाडी करील याची सवयच नसते; लबाडी ओळखायला जादूगाराचीच नजर लागते. १९७९ मध्ये रँडीने दोन तरुण जादूगार अमेरिकेत सेंट लुईसच्या परामानस, म्हणजे मनाच्या गूढ शक्ती तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत धाडले. केवळ मनाने चमचे वाकवणारे म्हणून त्यांची हातचलाखी तिथे बराच काळ खपून गेली. फसू नये म्हणून काय काळजी घ्यावी हे रँडीने प्रयोगशाळेला पत्राने आधीच कळवलं होतं, तरीही!

पाणाड्यांना मात्र तो लबाड म्हणत नसे. बहुतेकजण प्रामाणिकच असतात, असं त्याचं मत. त्याच वर्षी इटलीत त्याने जमिनीखाली नळ पुरले. पाणी कुठल्या नळातून वाहतंय ते सांगायचं. अटी पाणाड्यांनी आधी मान्य केल्या होत्या. एकालाही जमलं नाही.

काटकी फिरते, हे खरंच. आमच्या काजूच्या बागेत मी पेरूची बेचकी धरून पाहिलीय. दोन्ही टोकं मुठीत घेऊन बाहेर ताणली की ती धनुष्यासारखी होते. मनगट तांदळाच्या दाण्याएवढं वळलं तरी शेंडा गर्रकन खाली. मी वळवली नाही, असं देवासमोर सांगितलं असतं. मग डोळ्यांना पंचा बांधून त्याच बांधावरून पाच वेळा चाललो. पाचही वेळा वेगळ्याच जागी फिरली.

तुमच्या विहिरीचं म्हणाल, तर जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी फुटतं. मुरलेला पाणाड्या उंबर बघतो, वारूळ बघतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत पाण्याच्या याच खुणा लिहून ठेवल्यात. त्या नजरेला माझा नमस्कार आहे.

पण आमच्या शेजारणीने सोनं गहाण टाकून सड्यावर बोअर मारली. पाणी आहे याची खूण म्हणून पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता. दोनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा. ती अजून हप्ते फेडतेय. हे बघून मला गप्प बसवत नाही.

मे महिन्यात या. तुमच्या विश्वासातला पाणाड्या आणा. दहा झाकलेली पिंपं ठेवू, एकातच पाणी. कुठल्यात, ते तुम्हाला-मला दोघांनाही माहीत नसेल. अटी तुम्ही लिहा, मी सही करतो.