मला कुणी निवडलं नव्हतं

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद झाला: महाराष्ट्रातल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या निवडणुका घ्याव्यात की नाही. माझा आतेभाऊ, आमचा दादा, स्वतः कॉलेजात शिकवतो. त्यानं लिहिलं, "पोरं शिकायला येतात. मारामाऱ्या पुन्हा कशाला?" सगळ्यांनी अंगठे टाकले. मी चार ओळी लिहिल्या, तर म्हणाला, "तुला लीड्समध्ये बसून बोलायला काय जातंय?"

त्याची भीती खोटी नाही. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला होता. पुढं निवडणुकाच बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यात गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. पण त्याच 1994 साली इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, शिक्षण कायद्यानं विद्यार्थ्यांच्या युनियनच्या मुख्य पदांसाठी गुप्त मतदान सक्तीचं केलं. पगारी पदावर दोन वर्षांहून जास्त कुणी बसायचं नाही, हेही त्यातच. हा योगायोग मी दादाला तीनदा सांगितला. तो त्यावर काहीच बोलत नाही.

मार्चमध्ये इथं आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर युनियनच्या उमेदवारांची दाटी असते. यंदा एक मुलगी केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा धरून उभी होती. पावसानं मार्कर ओघळला की खाली बसून तेवढं अक्षर पुन्हा गिरवायची. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "रात्री घरी कसे जाता?" परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत बस हवी, एवढीच तिची मागणी. ती हरली. दुसऱ्या दिवशी आपली पोस्टरं आपणच काढत होती, चिकटपट्टीचे तुकडेसुद्धा नखानं.

आपल्याकडं हे जमणार नाही असं कोण म्हणतं? विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं 2006 मध्येच सांगितलंय, खर्च 5,000 रुपयांच्या आत आणि छापील पोस्टरं नकोत, हातानं केलेलीच. म्हणजे पुठ्ठा आणि मार्करच की! महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या. 2019 ला घ्यायचं ठरलं, विधानसभेमुळं पुढं ढकलल्या, मग कोविड आला.

दादा म्हणतो, मुलांना कार्यक्रम काय कमी आहेत? आहेत ना. अमका दिन, तमका सप्ताह, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी जिओटॅग फोटो. बॅनरवर पाहुण्यांचं नाव ठळक, मुलं खुर्च्या मांडायला आणि टाळ्या वाजवायला. काय करायचं हे मुलांना विचारलं कुणी?

एवढं मनाला लावून घेते त्याला कारण आहे. 2004 साली तिकडं माझ्या कॉलेजात मी वर्गप्रतिनिधी होते. गुणांत पहिली, म्हणून ऑफिसात बोलावून सही घेतली, नोटीस लागली, झालं. आमच्या मुलींच्या खोलीच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. एकजण आत गेली की दुसरी दाराशी उभी राहायची, तीन वर्षं. प्रतिनिधी असून मी ते कधीच कुणापुढं मांडलं नाही. कुणी मला निवडलंच नव्हतं, त्यामुळं कुणाला उत्तर द्यायचंय असं वाटलंही नाही. त्या पुठ्ठेवाल्या मुलीसमोर उभी असताना मला त्या दाराची लाज वाटली.

दादाचं बोलणं लागलं, कारण ते थोडं खरंही आहे. राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून 2024 ला मी इथल्या संसदेसाठी मत दिलं. भारतातल्या मतासाठी तिथं जाऊन उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी मी एकदाही गेलेले नाही. तरी माझं ते जुनं कॉलेज मला अजून माझंच वाटतं.

दादाची धाकटी आता त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिला वेगळा मेसेज करून विचारलं, मुलींच्या खोलीतल्या त्या दाराला कडी बसली का गं?

"नाही आत्या, ओढणीनं बांधतो आम्ही. पप्पांना सांगू नकोस हं, मी सांगितलं म्हणून."