एबीए म्हणजे चॉकलेट दाखवून पोराला नाचवणं नाही हो

एबीए (Applied Behavior Analysis) म्हणजे ऑटिस्टिक पोरांना वागणं-बोलणं शिकवायची एक थेरपी. परवा आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. "एबीए म्हणजे पाव्हलॉवच्या कुत्र्याचं ट्रेनिंग, चॉकलेटची लाच देतात, भावना मानत नाहीत, पोराचा रोबोट करतात, मुलांना वाचवा." तीन जणींनी लगेच विचारलं थेरपी बंद करू का, म्हणून लिहून राहिली. मी थेरपिस्ट नाही, नऊ वर्षांच्या ऑटिस्टिक पोराची आई आहे.

पहिलं म्हणजे माणूसच चुकीचा पकडला. पाव्हलॉवच्या कुत्र्याला काही करायचंच नव्हतं, खाण्याआधी आवाज व्हायचा आणि पुढे नुसत्या आवाजानेच लाळ सुटायची. एबीए उभं आहे स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या कामावर, 1938 पासूनच्या: आपण काहीतरी करतो, त्यानंतर काय मिळतं त्यावर ते करणं वाढतं किंवा कमी होतं. एखादा पोहेवाला न मागता वरून तर्री टाकतो आणि आपण दर रविवारी त्याच ठेल्यावर जातो, तर मग आपल्यालेही कोणी ट्रेन केलं का बे?

लाचेचं म्हणाल तर, बर्डीच्या बाजारात पोरगं लोळण घेते आणि आपण घाबरून कुरकुरे हातात देतो, ती लाच, आणि तीच लोळण घेणं शिकवते. (मी दिलेत. खूप वेळा.) थेरपीतलं रिइन्फोर्समेंट, म्हणजे वागण्यानंतर मिळणारं आणि ते वागणं वाढवणारं काहीतरी, आधी ठरलेलं असते, आणि मुख्य म्हणजे ते परिणामावरून ओळखतात, वागणं वाढलं नाही तर ती वस्तू रिइन्फोर्सर नाहीच, मग ते कितीही महाग चॉकलेट असो. माझ्या पोराला चॉकलेट आवडतच नाही. त्याला पाहिजे चालू कूलरसमोर तोंड नेऊन आऽऽऽ करायला, तो थरथरता आवाज ऐकायला. हे थेरपिस्ट बाईंनी शोधायला दोन आठवडे घेतले, आणि मला ते दोन आठवडे फुकट वाटले होते.

पण फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे पोरगं असं "काहून" करते हा प्रश्न. लक्ष पाहिजे, एखादी वस्तू पाहिजे, कामातून सुटका पाहिजे, की नुसतं ते करणंच अंगाला बरं वाटते? शाळेत माझा पोरगा गणिताच्या तासाला वही फेकायचा, मॅडम त्याला वर्गाबाहेर उभं करायच्या, आणि वही फेकणं वाढतच गेलं. वाढणारच ना, त्याला बाहेरच तर जायचं होतं! मॅडमसाठी शिक्षा, त्याच्यासाठी सुट्टी. मग त्याला "ब्रेक" लिहिलेलं कार्ड दाखवायला शिकवलं, दाखवलं की दोन मिनिटं खरंच सुट्टी. वही फेकणं कमी झालं, कारण तेच काम आता कार्ड करत होतं. याच कल्पनेवर कार आणि ड्युरँड यांचा पेपर 1985 चा आहे, म्हणजे काही नवीन खूळ नाही.

भावना मानत नाहीत हे तर उलटंच आहे. विचार, भावना या आतल्या गोष्टीही वागण्यातच धरायच्या, असं स्किनर म्हणायचा. फक्त "राग आला म्हणून फेकली" एवढ्यावर थांबायचं नाही, राग कशाने आला तेही बघायचं.

रोबोटचा मुद्दा मात्र मी पूर्ण उडवणार नाही. 1968 मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी एबीएच्या सात कसोट्या मांडल्या, त्यात एक अशी की शिकलेलं इतर ठिकाणीही टिकलं पाहिजे आणि एक अशी की बदल त्या माणसाच्या जगण्यात कामाचा पाहिजे. थेरपीच्या खोलीत पोपटासारखं बोलणारं पोरगं या कसोट्यांवर नापासच. पण सगळे त्या पाळत होते असं नाही. लोव्हास या मानसशास्त्रज्ञाच्या 1987 च्या गाजलेल्या अभ्यासात 19 मुलांना आठवड्याला 40 तास थेरपी होती, जवळपास निम्मी मुलं नॉर्मल झाली असा दावा होता, पण कोणतं मूल कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं आणि जोरात ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही त्यात होतं. हात हलवणं बंद करायला लावलं, जबरदस्ती डोळ्यांत बघायला लावलं, असं मोठे झालेले ऑटिस्टिक लोक सांगतात, ते आपण ऐकायलाच पाहिजे. इथल्याच एका सेंटरमध्ये माझ्या पोराची हनुवटी धरून "लुक ॲट मी" चाललं होतं. मी तिसऱ्या दिवशी तिथून काढलं.

तर त्या तिघींना: बंद करण्याआधी थेरपिस्टला विचारा, हा असं काहून करते आणि तुम्हाला कशावरून वाटते. पोरगं कधी, कशानंतर काय करते त्याच्या नोंदीचा कागद मागा. कागद नसेल, किंवा "जिद्दी आहे" एवढंच उत्तर आलं, तर बंद करा. फॉरवर्ड वाचून नका करू.