ग्राहकराजा, पॅक घे आणि गप्प बस

मंगळवारी रात्री आठला आईच्या मालिकेच्या जागी पाटी झळकली: ‘हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही.’ सोमवारी होतं. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

केबलवाल्याला फोन करू नका. तो ‘वरूनच बंद आहे काका’ म्हणतो, आणि वर कोण बसतो हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही.

हवं तेवढंच चॅनेल घ्या. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने, म्हणजे टीव्ही-टेलिफोनच्या सरकारी नियामकाने, तो हक्कच दिलाय ना! मीही तेव्हा फक्त आईचं तेवढं घ्यायला निघालो होतो. चॅनेल १९ रुपयांचं. पण त्याआधी तार घरात आल्याचे १३० द्या, वर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे, आणि आईचं चॅनेल अजून काळंच! मग १९ भरा, त्यावर पुन्हा जीएसटी. आणि १९च का? तर ट्रायने सांगितलं, त्याहून महाग चॅनेल पॅकमध्ये घालायचं नाही. लगेच बरीचशी चालणारी चॅनेलं बरोब्बर १९ वर येऊन बसली, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी. सुट्टं घ्याल तर महाग पडेल, पॅक घ्याल तर आईच्या एका चॅनेलबरोबर बारा रिकामटेकडी घरात शिरतील. २०२० मध्ये ट्रायने ही १९ ची मर्यादा १२ वर आणली. वाहिन्यांनी मुंबई उच्च न्यायालय गाठलं, आणि २०२२ संपता संपता ट्रायनेच पुन्हा १९ केले! याला म्हणतात नियमन.

नियमन नको असेल तर खुला बाजार घ्या. २०२४ मध्ये ट्रायने तार घरात आल्याच्या पैशांवरची १३० ची मर्यादाही काढली. स्पर्धाच दर ठरवेल म्हणे. आमच्या गल्लीत स्पर्धा म्हणजे एक केबलवाला आणि त्याचा भाचा.

बिल वाचू नका.

छे, पुरे झाला उपरोध. अरे केबलवाल्यांनो, न विचारता पॅक बदलता आणि पैसे मात्र आगाऊ घेता? ट्रायवाल्यांनो, दर बांधा नाहीतर सोडा, पण आमच्या संमतीशिवाय एक चॅनेल हललं तर त्याच दिवशी पैसे परत, एवढं तरी करून घ्या की! आणि तुम्ही वाचणारे, ‘वीस-तीस रुपयांसाठी कोण भांडणार’ म्हणून गप्प बसता ना? तेच वीस-तीस धरून त्यांचा हिशेब चाललाय. माझी आई सत्तरीची आहे. आठला काठी टेकत शेजारी जाते.